दोन माजी आणि एक शाल

माणूस पदावर असतो तेव्हा त्याला बोलायला वेळ नसतो, आणि पद गेलं की त्याला गप्प बसवत नाही. या दुसऱ्या अवस्थेतली दोन माणसं वर्षभर दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझ्या स्टुडिओत येत होती. मुरुमच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. लग्नं, डोहाळजेवणं, पुढाऱ्यांचे वाढदिवस असं सगळं मी शूट करते. त्यात या दोघांच्या पॉडकास्टची भर पडली.

एक बब्रुवान भाऊ. बावीस वर्षं एका आमदारांचे स्वीय सहायक. साहेबांची बॅग, साहेबांचा फोन आणि साहेबांचा राग, तिन्ही यांनी सांभाळले. साहेब पडले, साहेबांचा मुलगा पुढं आला आणि त्यानं येताना लॅपटॉपवाला सहायक आणला. दुसरे चन्नबसप्पा. विरोधी पक्षाचे पंधरा वर्षं तालुकाध्यक्ष. त्यांना पक्षानं फोनवरून काढलं, तेही त्यांच्या वाढदिवसाचं बॅनर चौकात लागलेलं असताना. बॅनरवर 'कार्यसम्राट तालुकाध्यक्ष' होतं. ते उतरवायला गडी मिळेना, म्हणून चन्नबसप्पा आणखी आठवडाभर अध्यक्ष राहिले.

या दोघांचं हाडवैर आहे असं आम्ही मतदार वीस वर्षं समजत होतो. त्या वैरापायी भावाभावांत बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. पॉडकास्टच्या पहिल्याच भागात कळलं की निवडणुकीच्या धामधुमीत हे दोघं एकाच धाब्यावर, एकाच टेबलावर जेवत होते. हे त्यांनी हसत सांगितलं, आणि ऐकणारेही हसले. मला काही हसू आलं नाही, पण मी कॅमेऱ्यामागं होते.

कार्यक्रमाचं नाव 'दोन माजी'. खाली ओळ, 'आतलं सगळं बाहेर'. प्रत्यक्षात आतलं काहीच बाहेर येत नसे. कारण बब्रुवान भाऊंची एक सवय. फोनच्या तोंडावर तळहात ठेवून शेजारच्याशी बोलण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे गोष्ट रंगात आली, नाव घ्यायची वेळ आली, की त्यांचा हात आपोआप माइकवर जायचा. "आन् मग त्या रात्री गेस्टहाऊसवर कोण आलं म्हणता? खर्रर्र आलं!" चन्नबसप्पा मांडीवर थाप मारून "हौद, हौद!" म्हणायचे. कानडी मुलखाला खेटून गाव असल्यानं होकार त्यांच्या तोंडून कानडीतच निघतो. कानाला हेडफोन लावलेल्या मला मात्र फक्त खरखर ऐकू यायची.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, हात ठेवल्यावर काही ऐकू येत नाही."

"म्हणून तर ठेवतो ना, ताई," ते म्हणाले.

जिथं हात ठेवायचा राहून जाई तिथं 'साहेब'. मोठे साहेब, धाकटे साहेब, वरचे साहेब. आणि गंमत अशी की यामुळेच कार्यक्रम चालला. रिकाम्या जागेत जो तो आपापला साहेब बसवून ऐकू लागला. चाळीस हजार लोक ऐकू लागले. साहेब लोकही ऐकू लागले. एका गेस्टहाऊसच्या गोष्टीवर त्याच संध्याकाळी तीन वेगवेगळ्या साहेबांचे फोन आले. दोघांनी शिव्या दिल्या आणि तिसऱ्यानं, नाव घेतलं नाही म्हणून आभार मानले. गोष्ट चौथ्याचीच होती, त्यानं ऐकलीच नव्हती.

शेवटी एका पक्षाच्या ध्यानात आलं की हा माणूस बाहेर बसून बोलण्यापेक्षा आत येऊन गप्प राहिलेला बरा. म्हणून जिल्हा परिषदेचं तिकीट बब्रुवान भाऊंना द्यायचं ठरलं. तेव्हापासून भाऊ माजीचे भावी झाले आणि स्टुडिओत कडक इस्त्रीनं येऊ लागले. प्रत्येक भागाच्या शेवटी ते कॅमेऱ्यासमोर उजवा अंगठा उभा करत आणि म्हणत, "आवडलं आसंल तर अंगठा दाबा!" हे वाक्य इतकं गाजलं की बाजारात पोरं त्यांना अंगठा दाखवू लागली. भाऊंना तो सन्मान वाटे.

जानेवारीतला तो मंगळवार. त्या दिवशीचा विषय होता, बिनविरोध निवडणुका.

"बिनविरोध म्हंजी काय वं, चन्नबसप्पा?" भाऊंनी सुरुवात केली.

"गावाचं एकमत!" चन्नबसप्पा म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसले.

मग भाऊ पुढं सरकले. "जळकोटच्या पुढं एक गाव हाय. दोन हजार सात साल. आमच्या साहेबांला ते गाव बिनविरोध पायजे व्हतं. समदे बसले, पर एक बाई काय बसंना."

आमच्याकडं उमेदवारानं अर्ज मागं घेतला की तो 'बसला' म्हणतात. दुसऱ्यानं घ्यायला लावला तर त्याला 'बसवला'. बसवणं ही एक कला आहे आणि तिचे उस्ताद असतात. बब्रुवान भाऊ त्यातले.

"लई समजावली. हात जोडले. बाई म्हणायची, म्या उभी हाय ती उभीच ऱ्हाणार. मग म्या काय केलं? अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस, येळ तीनपर्यंत. त्याच दिवशी बारा वाजता तालुक्याला महिला उमेदवारांचा भव्य सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, भाषणं. बाईला नेली गाडीत घालून. खुर्चीत बसली ती बसलीच! भाषणावर भाषण, भाषणावर भाषण. आन् तिकडं टेबलावर तिच्या नावाचा कागद सरकवला."

"सहीचं काय केलं?" चन्नबसप्पांनी विचारलं. उत्तर माहीत असलेला माणूस विचारतो तसं.

"सही! बाईचं नाव दगडाबाई. ह्या नावाच्या बाईला सही कुठली येती? लावला अंगठा!"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हंजी? ह्यो!" भाऊंनी उजवा अंगठा कॅमेऱ्यापुढं नाचवला. "ह्योच! ह्योच दाबा म्हणतो म्या दर मंगळवारी!"

माइकवर हात गेला नाही. पूर्ण वाक्यं, नावासकट, स्वच्छ आवाजात रेकॉर्ड झाली. साहेबांच्या नावावर हात ठेवायचा असतो. दगडाबाईच्या नावावर ठेवावा असं त्यांना वाटलंच नाही.

दगडाबाई माझी आई.

ते माझं माहेर. गावाचं नाव मी सांगत नाही. वर्षभर या दोघांत राहून मलाही तो रोग लागला असेल. मी तेव्हा दहावीत होते. त्या दिवाळीच्या सुट्टीत आईला सही मी शिकवली. पाटीवर, पंधरा दिवस. 'दगडाबाई अण्णाराव'. 'ड'चं पोट तिला जमत नव्हतं, तर रागानं पाटी उलटी ठेवायची आणि पुन्हा घ्यायची. अर्जावर तिनं स्वतः सही केली त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता.

आणि माघारीच्या दिवशी ती शाल-नारळ घेऊन हसत घरी आली, तेव्हा पारावरच्या लोकांनी तिला सांगितलं की तू बसलीस. कमानीवर पाटी लागली, 'बिनविरोध ग्राम'. आईनं तालुक्याला चकरा मारून दोन्ही कागदांच्या झेरॉक्स मिळवल्या. एकावर सही, एकावर अंगठा. ती दारोदार दाखवत फिरली. लोक म्हणाले, लाजेनं सही करवली नसेल, लावला असेल अंगठा. आपापसांत म्हणाले, फुकट कोण बसतं? तेव्हापासून गावात ती 'बसलेली बाई'. अण्णाराव, म्हणजे माझे वडील, पारावर जायचे बंद झाले ते कायमचे.

आता सगळ्यात वाईट सांगते. शाळेत मुली चिडवायच्या, म्हणून एक दिवस मीही चिडून विचारलं, "आई, खरं सांग, बसायचं तुला काय मिळालं?" तिची सही शिकवणारी मी. तो अंगठा तिचा असणार नाही हे साऱ्या गावात मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. आईनं झेरॉक्स ट्रंकेत ठेवल्या आणि पुढं अठरा वर्षं बाहेर काढल्या नाहीत.

"ताई, झालं का?" भाऊंनी विचारलं. मी रेकॉर्डिंग बंद करायची विसरले होते.

"झालं," मी म्हटलं. त्यांना माझं सासरचं आडनाव माहीत होतं, माहेर कधी विचारलं नव्हतं. कॅमेऱ्यामागच्या बाईला माहेर असतं हे त्यांच्या गावी नसावं. मी तो भाग लगेच टाकला नाही. आवाजात थोडी खराबी आहे असं सांगितलं.

रविवारी माहेरी गेले. आईच्या कानाला इअरफोन लावले. तिनं ऐकलं.

"परत लाव," ती म्हणाली.

तीनदा ऐकलं. मी म्हटलं, "आई, उद्या मी हे सगळ्या जगाला ऐकवते. पंचायतीच्या भोंग्यावर लावते."

"मशीनीतनं नगं," ती म्हणाली. "त्याला आपल्या तोंडानं सांगू दे." मग तिनं विचारलं, "ह्यो माणूस सत्काराला येतो का गं?"

"कुणाच्याही येतो."

"मग बोलीव."

मी मंगळवारी भाऊंना सांगितलं, माझ्या माहेरच्या बचत गटाच्या बायका तुमचा कार्यक्रम ऐकतात, त्यांना दोघांचा सत्कार करायचा आहे. भाऊंनी गावाचं नाव ऐकलं. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. काहीही हललं नाही. इतकी गावं बिनविरोध केली, इतक्या बायका बसवल्या. दगडाबाई हे नाव हसण्यापुरतं लक्षात राहिलं, गाव कुठलं ते कोण आठवणीत ठेवणार?

"ते गाव आमच्याच झेडपीच्या गटात येतं की!" ते खूश होऊन म्हणाले. "मतदान बी चांगलं हाय. कवा ठिवू?"

"बुधवारी बारा वाजता म्हणतात."

बुधवार अर्ज भरायचा शेवटचा दिवस. भाऊंना दुपारी दोन सत्तावन्नचा मुहूर्त निघालेला. अर्ज तुळजापूरच्या तहसीलीत भरायचा, आणि ते तिथून पाऊण तासावर. पक्षाचं पत्र खिशातच होतं. सुज्ञ माणूस नको म्हणाला असता. पण शाल म्हटलं की भाऊंचा खांदा आधी पुढं होतो, डोकं मागून येतं. "बाराला आलो की एकला मोकळे," ते म्हणाले.

बुधवारी गाडी बारालाच आली आणि कार्यक्रम पाऊण वाजता सुरू झाला. त्यात कुणाचा डाव नव्हता. आमच्याकडं बाराचा कार्यक्रम पाऊणलाच होतो. समाजमंदिरापुढं मांडव, दोन लाल खुर्च्या, दोनशे माणसं. बायका पुढं, पारावरची मंडळी मागं, कमानीच्या सावलीत. मी तिपाई लावून उभी. बचत गटाच्या अध्यक्षा सत्यभामा काकूंनी प्रास्ताविक केलं. काकू घरात दोन वाक्यं बोलत नाहीत. त्या दिवशी पस्तीस मिनिटं बोलल्या. भाऊ मान डोलावत होते. आपल्याबद्दल चांगलं बोलत असताना त्यांना घड्याळ दिसत नाही.

"आता आमच्या गटाच्या जेष्ठ सदस्या भाऊंचा सत्कार करत्याल," काकू म्हणाल्या.

आई उठली. तिनं भाऊंच्या खांद्यावर शाल घातली. घड्यांच्या जागी विरलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी शाल. भाऊंचं नाक क्षणभर आक्रसलं, पण कॅमेऱ्याकडं बघून त्यांनी हसू तसंच ठेवलं. मग सवयीनं अंगठा उभा केला. टाळ्या पडल्या. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"मावशी, आता आमाला निघावं लागंल," भाऊ उठत म्हणाले.

"निघा की," आई म्हणाली. तिनं माइक हातात घेतला. "वाट मोकळी हाय. कुणी आडवणार न्हाय. जाता जाता येक सांगा निस्तं." कनवटीतनं दोन झेरॉक्स निघाल्या. "म्या दगडाबाई. ही माझी सही. आन् ह्यो अंगठा. हितल्या लोकांला सांगा, ह्यो अंगठा कुणाचा?"

मी कॅमेऱ्यातून भाऊंचा चेहरा जवळ घेतला. गाव, साल, खुर्ची, फेटा, सगळं एकेक करून त्यांना आठवताना मी पाहिलं. त्यांचा हात पुढं आला आणि आईच्या हातातल्या माइकवर पडला. खर्रर्र.

"मावशी, ह्ये हितं नगं," ते दबक्या आवाजात म्हणाले. पुढच्या चार ओळींनी ते ऐकलं आणि मागच्या ओळींना सांगितलं.

"मंग कुठं?" आई म्हणाली.

एक शब्द बोलायचा होता. 'माझा' म्हणायचं आणि गाडीत बसायचं. चाळीस हजारांना ऐकवायला ज्या अंगठ्याची त्यांनी कॅमेऱ्यापुढं फुशारकी मारली होती, तो दोनशे ओळखीच्या तोंडांपुढं त्यांना शालीच्या आत लपवावा लागला. तसंच निघून जावं तर गावाची मतं गेली. म्हणून भाऊंनी त्यांना येणारी एकच गोष्ट केली. ते खाली बसले आणि बोलू लागले.

त्या काळची परिस्थिती. गावाचा विकास. सामूहिक निर्णय. वरून आलेला आदेश. बिनविरोधमुळे गावाला मिळालेली व्यायामशाळा, जिच्यात आता कडबा आहे. दहा मिनिटं बोलून ते थांबले.

"ते खरं," आई म्हणाली. "अंगठा कुणाचा?"

पुन्हा दहा मिनिटं. स्त्री ही शक्ती आहे. माझीही आई अशीच होती. भाऊंच्या खिशात फोन थरथरत होता. तुळजापुराहून माणसं बोलावत होती. ते खिसा दाबून बोलत होते.

"व्हय. अंगठा कुणाचा?"

आई ओरडली नाही, रडली नाही. दोन्ही कागद धरून उभी राहिली. चौसष्ट वर्षांची बाई, पाऊण तास उभी. कुणीतरी खुर्ची पुढं केली, तर म्हणाली, "म्या बसत नसती."

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी चन्नबसप्पांनी घड्याळ पाहिलं. एकदा आपलं, एकदा भाऊंचं. इथून तुळजापूर पाऊण तास, हा हिशेब त्यांनी केलेला मला स्पष्ट दिसला. मग ते घसा खाकरून उठले. "हौद, आता सांगून टाकतो. मनावर लई दिवसाचं ओझं हाय. अंगठा ह्याचाच. शाई पुसायला रुमाल म्या दिला व्हता."

सत्याला त्यांनी नेमकी वेळ निवडली. त्यांच्या पुतण्यानं त्याच गटातून सकाळीच अर्ज भरला होता, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

भाऊ शालीसकट पळाले. तहसीलचं दार तीनला बंद झालं, गाडी तीन वाजून बारा मिनिटांनी पोचली. पुढच्या मंगळवारी दोघांपैकी कुणी स्टुडिओत आलं नाही. भाऊंचा एकदा फोन आला, तो बिनविरोधचा भाग टाकू नका म्हणून. मी म्हटलं, भाऊ, नीट ऐकू येत नाही, माइकवरचा हात काढा. तो भाग मी जसाच्या तसा टाकला. आजवर सगळ्यात जास्त अंगठे त्यालाच पडले.

पण मला त्या दुपारचं सांगायचं आहे. भाऊंची गाडी गेल्यावर कमानीखालून शरणबसप्पा आजोबा बोलले. अठरा वर्षं आईला 'बसलेली बाई' म्हणणाऱ्यांत ते पहिले. "म्हंजी बाई बसली न्हवती म्हणायची," ते म्हणाले. बस, एवढंच. चुकलो असं कुणी म्हटलं नाही. मंडळी उरलेला चहा प्यायली, मांडववाल्याला हाका मारू लागली आणि कमानीखालून, त्या पाटीखालून, आपापल्या घरी गेली. मला असा संताप आला की तिपाई मिटता मिटेना.

आई झेरॉक्सच्या घड्या घालत होती. मी जवळ गेले. तीच बोलली.

"तू इचारलं व्हतंस. काय मिळालं म्हणून."

"आई, तेव्हा मी…"

"एक शाल मिळाली व्हती आन् एक नारळ," ती म्हणाली. "नारळ त्याच दिशी फोडला, खोबरं तूच खाल्लंस. शाल तेवढी घरात ऱ्हायली व्हती. आज ज्याची त्याला दिली."

मग ती लाल खुर्ची ओढून बसली.